दोन दांग आणि पाच दिरहम : हकीम इब्ने सीना यांची गोष्ट

हकीम इब्ने सीना हे नाव आपल्या घरांत नवीन नाही. कुणी मदरशात ऐकलेले असते, कुणी उर्दू शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते, तर कुणाच्या ओळखीच्या हकीमसाहेबांच्या दवाखान्यात त्यांची तसबीर लावलेली असते. आपल्या महाराष्ट्रात मालेगाव, मुंबई, अक्कलकुवा इथे तिब्बी कॉलेजे आहेत. तिथल्या मुलांना शेख-उर-रईस म्हटले की वेगळे काही सांगावे लागत नाही. पण घरात मुलांना सांगताना आपण या माणसाच्या दोनच गोष्टी सांगतो. दहाव्या वर्षी कुरआन पाठ झाला, आणि सतरा-अठराव्या वर्षी बादशाहचा इलाज केला. पुढचे कुणी सांगत नाही. त्यांचा शेवट कसा झाला, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

आम्हाला वाटते, तो शेवट सांगायलाच हवा. औषध शरीरात कुठून जाते, कुठे पोहोचते, किती वेळ थांबते आणि बाहेर कसे पडते, यावर ज्याने आपल्या काळात सर्वात जास्त विचार केला, तोच माणूस औषधाच्या मात्रेच्या गोंधळात गेला. त्यांच्या शिष्याने हे सगळे लिहून ठेवले आहे, आणि काही लपवलेले नाही.

अबू अली हुसैन इब्ने अब्दुल्लाह इब्ने सीना यांचा जन्म 980 साली (हिजरी 370) बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावात झाला. हा भाग आजच्या उझबेकिस्तानात येतो. वडील मूळचे बल्खचे, सामानी बादशाहीत एका गावाचा कारभार बघायचे. आईचे नाव सितारा. मुले थोडी मोठी झाल्यावर कुटुंब बुखाऱ्याला आले. कुरआन आणि अरबी साहित्य दहाव्या वर्षापर्यंत झाले. हिशोब शिकायला वडिलांनी मुलाला एका भाजीवाल्याकडे पाठवले, कारण त्या भाजीवाल्याला हिंदी अंकगणित येत होते. आपल्या देशातून गेलेले आकडे हा मुलगा बुखाऱ्यातल्या भाजीच्या दुकानात शिकला! फिक्ह इस्माईल जाहिद यांच्याकडे झाला. मग नातिली नावाचे उस्ताद घरीच राहायला आले. त्यांनी तर्कशास्त्र सुरू केले, पण थोड्याच दिवसांत शागिर्द उस्तादांच्या पुढे गेला.

तिब्ब म्हणजे वैद्यक. ते त्यांना अवघड वाटलेच नाही, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. सोळाव्या वर्षी वयाने मोठे हकीम त्यांच्याकडे शिकायला येत. अवघड वाटले ते तत्त्वज्ञान. अरस्तूचे एक पुस्तक चाळीस वेळा वाचले, पाठ झाले, तरी कळेना. मग एका संध्याकाळी पुस्तकांच्या बाजारात एक विक्रेता मागेच लागला, म्हणून तीन दिरहमला फाराबीचे एक छोटे पुस्तक घेतले, आणि त्याने कुलूप उघडले. दुसऱ्या दिवशी शुक्राना म्हणून गरिबांना सदका दिला. एखादा प्रश्न सुटला नाही की ते जामा मशिदीत जात, नमाज पढत, दुआ मागत. याच आत्मकथेत रात्री जागण्यासाठी शराब घेत असल्याचेही त्यांनी लिहिले आहे. आपल्याकडचे लेख हे वाक्य गाळतात. आम्ही गाळत नाही. इमाम गजाली यांनी पुढे त्यांच्या तत्त्वज्ञानावर कडक टीका केली, तीही आपल्या इतिहासाचा भाग आहे. त्यांच्या अकीद्यावरचा वाद उलेमांचा आहे, तो इथे नको. आज आपण हकीम म्हणून त्यांच्याकडे बघत आहोत.

सामानी बादशाह नूह इब्ने मन्सूर आजारी पडला. दरबारी हकीम थकले तेव्हा या पोराला बोलावणे आले. इलाज लागू पडला आणि बक्षीस म्हणून शाही कुतुबखान्यात जायची परवानगी मिळाली. खोलीमागून खोली, प्रत्येक खोलीत संदुका आणि संदुकांत किताबा. पण हे सुख फार टिकले नाही. वडील वारले. 999 मध्ये सामानींच्या हातून बुखारा गेले. तिथून जी भटकंती सुरू झाली ती मरेपर्यंत संपली नाही. ख्वारज्म, नसा, तूस, मग जुर्जान. ज्या अमीराकडे आसरा मागायला निघावे, तो आपण पोहोचायच्या आत कैदेत पडलेला असावा, असेही झाले. जुर्जानमध्येच अबू उबैद जूजजानी नावाचा शिष्य भेटला. पुढची पंचवीस-एक वर्षे तो त्यांच्यासोबत राहिला, आणि आज आपल्याला जे माहीत आहे त्यातले बरेचसे त्याच्यामुळेच.

जुर्जानलाच 'अल-कानून फित्-तिब्ब' लिहायला सुरुवात झाली. पाच भागांची किताब. पहिल्या भागात वैद्यकाची तत्त्वे, दुसऱ्यात एकेरी औषधे, तिसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे आजार, चौथ्यात ताप आणि सगळ्या शरीराला होणारे आजार, पाचव्यात मिश्र औषधे. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डने तिचा लॅटिन तर्जुमा केला आणि युरोपच्या विद्यापीठांत ती सतराव्या शतकापर्यंत शिकवली गेली. 1593 मध्ये रोममध्ये ती अरबीतच छापली गेली. हा अभिमानाचा भाग सगळीकडे वाचायला मिळतो. आम्हाला आत काय आहे ते सांगायचे आहे.

पहिल्या भागात इब्ने सीना लिहितात की औषधाने इलाज करायचे तीन कायदे आहेत. पहिला, औषधाची कैफियत, म्हणजे कोणत्या गुणाचे औषध. दुसरा, त्याची मात्रा. तिसरा, त्याची वेळ. मात्रा ठरवताना फक्त आजार बघून चालत नाही. माणसाचे वय, ताकद, सवयी, धंदा, तो कुठल्या मुलखात राहतो, कोणता मोसम आहे, हेही बघायचे. म्हणजे बघा, शेजारच्याला अर्धी गोळी लागू पडली म्हणून तीच आपल्याला चालेल असे नाही, हे हजार वर्षांपूर्वी लिहून झाले आहे.

त्याच्या पुढचा मुद्दा अवयवाच्या जागेचा. दुखणे पोटातच असेल तर गिळलेले औषध लगेच तिथे पोहोचते, त्याचा जोर शिल्लक असतो. पण दुखणे लांबच्या अवयवात असेल तर वाटेत औषधाचा जोर कमी होतो, म्हणून सुरुवातच जास्त जोराच्या औषधाने करावी लागते. आणि औषधाला योग्य जागी नेणारे दुसरे काही सोबत द्यावे लागते. हृदयाच्या औषधात जाफरान, लघवीच्या अवयवांच्या औषधात लघवी सोडवणारे काहीतरी. आपल्या हकिमांच्या भाषेत याला बदरका म्हणतात, म्हणजे वाट दाखवणारा सोबती. आतड्यात जखम असेल तर ती वरच्या भागात आहे की खालच्या, हे आधी ओळखायचे. वर असेल तर औषध प्यायला द्यायचे, खाली असेल तर हुकन्याने, म्हणजे एनिमाने. बाहेर काढायचे असेल तेव्हाही हाच हिशोब. जिगरच्या एका बाजूची घाण लघवीवाटे, दुसऱ्या बाजूची शौचावाटे.

दुसऱ्या भागात नवीन औषधाची परीक्षा कशी घ्यावी याचे सात नियम आहेत. औषध मूळ रूपात असावे, तापवल्यामुळे किंवा गारठ्यामुळे त्यात उपरा गुण आलेला नसावा. साध्या, एकट्या आजारावर बघावे, दोन आजार मिसळलेल्या रोग्यावर नको. एकमेकांच्या उलट दोन आजारांवर ते वापरून बघावे. औषधाचा जोर आजाराच्या जोराला धरून असावा. असर कधी दिसतो ती वेळ नोंदवावी. असर एकदा दिसून उपयोग नाही, पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे. आणि परीक्षा माणसावर व्हावी, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे घडते ते माणसावर घडेलच असे नाही.

आता खरे सांगायचे तर शरीराच्या आतली वाट त्यांना पूर्ण दिसली नव्हती. जालीनूसकडून, म्हणजे गॅलनकडून, आलेल्या समजुती त्यांनी उचलल्या. अन्नाचा रस आतड्यांतून शिरांनी जिगरकडे जातो, तिथे रक्त बनते, ते अवयवांकडे जाते आणि तिथेच संपते, असे ते मानत. रक्त फिरून परत येते हे त्यांना ठाऊक नव्हते. ही चूक दुरुस्त करायला सुरुवात केली ती त्यांच्याच 'कानून'वर शरह लिहिणाऱ्या एका मुस्लिम हकिमाने. दमास्कसमध्ये शिकलेले आणि काहिरात 1288 मध्ये वारलेले इब्ने नफीस. रक्त हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसांत जाऊन डाव्या भागात येते, हे त्यांनी मांडले. विल्यम हार्वेने सगळ्या शरीरातला रक्ताचा फेरा दाखवला तो 1628 मध्ये. तरी गंमत अशी की, जुन्या समजुतीतला एक धागा आजही खरा आहे. तोंडाने घेतलेले बहुतेक औषध आतड्यातून शोषले गेले की थेट हृदयाकडे जात नाही, आधी जिगरकडे जाते. आणि जिगर म्हणजे जकात नाका आहे! तिथे औषधाचा काही भाग मोडला जातो, उरलेला पुढे सुटतो. अफूतल्या मॉर्फिनचे उदाहरण घ्या. गिळले तर साधारण पाव ते एक तृतीयांश एवढेच रक्तात पोहोचते. तेच सुईने शिरेत दिले तर सगळे पोहोचते. म्हणून गोळीची मात्रा आणि इंजेक्शनची मात्रा वेगळी असते. छातीत दुखले की जिभेखाली ठेवायची गोळी असते, ती गिळायची नसते, त्याचे कारण हेच. जिभेखालचे रक्त जिगरच्या नाक्यावर थांबत नाही. इन्सुलिन तर पोटातच पचून जाते, म्हणून ते टोचावे लागते. हुकन्याचेही तसेच. आतड्याच्या अगदी खालच्या भागातून शोषलेले औषध काही अंशी जिगरला वळसा घालून जाते.

रक्तात पोहोचल्यावर औषध सगळीकडे पसरते, काही चरबीत शिरते, काही रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसते. मग निचरा सुरू होतो. एक पिंप डोळ्यांसमोर आणा. वरून तांब्याने पाणी ओतायचे, खाली छोटे भोक. भोकातून जेवढे जाते तेवढेच वरून ओतले तर पातळी ठीक राहते. घाईघाईने तांब्यावर तांब्या ओतला तर पिंप ओसंडते. भोकात कचरा अडकला तर नेहमीच्या मापानेही ओसंडते. हे भोक म्हणजे जिगर आणि गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडे. औषधाची निम्मी मात्रा शरीरातून जायला लागणारा वेळ प्रत्येक औषधाचा वेगळा. पॅरासिटामॉलचा दोन-तीन तास, थायरॉइडच्या गोळीचा सुमारे सात दिवस. म्हणून एक गोळी दर सहा तासांनी आणि दुसरी दिवसातून एकदा. ही वेळ कंपनीच्या किंवा डॉक्टरच्या मर्जीने ठरलेली नसते, निचऱ्याच्या गतीने ठरलेली असते.

पुन्हा इब्ने सीनांकडे येऊ. जुर्जानहून ते रयला गेले, तिथून हमदानला. हमदानचा अमीर शम्सुद्दौला याला कुलंज होता. कुलंज म्हणजे आतड्यातला असह्य पोटशूळ. इब्ने सीनांनी चाळीस दिवस महालात राहून त्याला बरे केले, आणि त्याने त्यांना वजीर केले. पण फौजेला हा वजीर रुचला नाही. सैनिकांनी घर घेरले, सामान लुटले आणि अमीराकडे त्यांचा जीव मागितला. अमीराने जीव दिला नाही, पण पदावरून काढले. इब्ने सीना एका ओळखीच्या माणसाच्या घरी चाळीस दिवस लपून राहिले. तेवढ्यात अमीराचा कुलंज उलटला! शोधून आणून माफी मागितली, पुन्हा वजिरी दिली. दिवसा दरबार, रात्री दर्स. एक शागिर्द 'शिफा' वाचायचा, दुसरा 'कानून'. इथेच कधीतरी त्यांनी हृदयाच्या औषधांवर वेगळी किताब लिहिली.

शम्सुद्दौला वारल्यावर नव्या राजवटीने त्यांना फर्दजानच्या किल्ल्यात चार महिने कैद केले. कैदेत माणूस काय करेल? त्यांनी किताबा लिहिल्या. त्यातली एक होती कुलंजवर. पुढे त्यांना जो आजार घेऊन गेला, त्याच आजारावर. मग संधी साधून सूफींच्या वेशात भाऊ, जूजजानी आणि दोन गुलाम यांच्यासोबत ते हमदानमधून निसटले आणि इस्फहानला अलाउद्दौलाकडे पोहोचले. तिथली वर्षे त्यातल्या त्यात चांगली गेली.

हकीम म्हणून त्यांच्या हाताला सबर होती, हे जूजजानीच्या एका नोंदीवरून दिसते. ख्वारज्ममध्ये क्षयाची एक बाई होती. तिला त्यांनी दुसरे कोणतेच औषध दिले नाही, फक्त गुलकंद खायला सांगितले. दिवसांमागून दिवस. होता होता शंभर मण गुलकंद तिच्या पोटात गेला आणि ती बरी झाली, असे तो लिहितो. (त्यांचा मण आपल्या मणापेक्षा कितीतरी लहान होता, नाहीतर वाचणाऱ्याला धक्का बसेल.) गुलकंदाने क्षय जातो असे आम्ही अर्थातच म्हणत नाही, टीबीच्या गोळ्या पूर्ण महिने घ्याव्याच लागतात. बघायचे ते एवढेच, की रोग्याला हळूहळू, एकाच औषधावर, वेळ देऊन सांभाळणारा हा हकीम होता. 'कानून'मध्येही त्यांनी लिहिले आहे की आजार नीट ओळखू आला नाही तर तबियतीवर सोपवावे, घाई करू नये.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी घाई केली.

अलाउद्दौला लढाईवर निघाला होता, इब्ने सीना सोबत होते. वाटेत त्यांना कुलंजने गाठले. फौज मागे हटली तर आजारी माणूस वाटेतच राहील, ही धास्ती. लवकर बरे व्हायचे म्हणून त्यांनी एका दिवसात आठ वेळा हुकना घेतला. आठ वेळा! आतडी सोलली गेली, जखमा झाल्या. त्याच अवस्थेत पुढे कूच करावी लागली. मग कुलंजमागोमाग कधी कधी येतात तसे मिरगीसारखे झटके आले. तरीही हुकने चालूच. पोटातला वारा मोडावा म्हणून त्यांनी हुकन्यात दोन दांग करफ्सचे बी घालायला सांगितले. करफ्स म्हणजे सेलेरी, आपल्या ओव्याच्याच कुळातली. जो हकीम त्यांची सेवा करत होता त्याने घातले पाच दिरहम.

हा हिशोब समजून घ्या. सहा दांगांचा एक दिरहम. पाच दिरहम म्हणजे तीस दांग. सांगितले दोन, घातले तीस, म्हणजे पंधरा पट. दिरहम साधारण तीन ग्रॅमचा धरला तर एका ग्रॅमच्या जागी पंधरा ग्रॅम, तेही सोललेल्या आतड्यावर. त्याने हे मुद्दाम केले की चुकून, हे जूजजानीला सांगता येत नाही. तो त्या वेळी जवळ नव्हता, असे तो प्रामाणिकपणे लिहितो. बियांच्या तिखटपणाने जखमा वाढल्या.

झटक्यांसाठी ते मिथ्रिडेट नावाची बऱ्याच औषधांची माजून घेत होते. एका गुलामाने तिच्यात भरपूर अफू मिसळली आणि त्यांना खायला दिली. कारण शिष्याने सांगितले आहे. नोकरांनी तिजोरीतून बरीच रक्कम चोरली होती आणि मालक वाचला तर आपली धडगत नाही, ही भीती होती.

आजच्या ज्ञानाने बघितले तर त्या शरीरात काय चालले असेल याचा अंदाज येतो. आतड्याचे अस्तर सोलले की आत टाकलेले औषध किती शोषले जाईल याचा भरवसा राहत नाही. सतत जुलाबाने शरीरातले पाणी आणि क्षार गेले की गुर्द्यांकडे रक्त कमी जाते, लघवी कमी होते. मॉर्फिन जिगरमध्ये मोडले जाते खरे, पण मोडल्यावर जे तयार होते त्यातला एक भागही अफूसारखाच असर करतो, आणि तो बाहेर पडतो गुर्द्यांवाटे. गुर्दे थकलेले असतील तर तो साठत जातो. श्वास मंदावतो, गुंगी वाढते. अफूने आतड्यांची हालचालही सुस्त होते, त्यामुळे तोंडाने घेतलेली बाकीची औषधे पोटात रेंगाळतात. पिंपात तांब्यावर तांब्या, आणि खालचे भोक बुजत चाललेले.

औषधाची वाट ज्याला इतरांपेक्षा जास्त कळत होती, त्यानेच निचऱ्याला वेळ दिला नाही. आठव्या हुकन्याच्या आधी सातवा काय करतो हे बघायला तो थांबला नाही. असर कधी दिसतो ती वेळ नोंदवा, हा नियम त्यानेच लिहिला होता. आम्ही हे त्यांना नावे ठेवायला लिहीत नाही. फौजेसोबत वाटेवर अडकलेला आजारी माणूस आणि मागे पडलो तर मरण, अशा वेळी कुणाचीही अक्कल घाईला शरण जाते. आपल्या घरांत तर यापेक्षा फार छोट्या कारणांनी जाते. तासाभरात ताप उतरला नाही की दुसरी गोळी. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकदम. त्यात जोशांदा आणि बाजारातली चूर्णे, तीही डॉक्टरांना न सांगता, कारण ती आपल्या लेखी औषधेच नसतात. करफ्सचे बीही मसाल्याचेच होते.

रमजानमध्ये हे जास्त होते. आमच्याच घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी एका रमजानमध्ये साखरेच्या दोन वेळच्या गोळ्या सहरीलाच एकदम घेतल्या, दिवसभराची सोय झाली म्हणून. असरच्या सुमारास घामाने भिजले, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. रोजा सोडून साखरेचे पाणी पाजावे लागले. त्यांना कुणी रोजा ठेवू नका म्हटले नव्हते. पण रमजानच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन वेळा बदलून घ्या, हेही कुणी म्हटले नव्हते, आम्हीसुद्धा नाही. काही औषधे दिवसातून एकदाच घ्यायच्या रूपात मिळतात, काहींची मात्रा सहरी आणि इफ्तारमध्ये वेगळी वाटावी लागते, काहींना पर्याय नसतो आणि मग शरीअतने आजाऱ्याला दिलेली सवलत घ्यायची असते. हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली गोळी गिळायला सोपी जावी म्हणून कुटली, तर बारा तासांचे औषध एकदम रक्तात उतरते. सहरीला दुधासोबत काही अँटिबायोटिक घेतली तर दुधातले कॅल्शियम त्यांना धरून ठेवते आणि ती पूर्ण शोषलीच जात नाहीत. हे केमिस्टला विचारले तर तो दोन मिनिटांत सांगतो.

इब्ने सीनांना पालखीत घालून इस्फहानला आणले. त्यांनी स्वतःच इलाज चालू ठेवला. उभे राहता येत नव्हते इतकी कमजोरी होती, तरी थोडे चालता येऊ लागल्यावर ते पुन्हा दरबारात जाऊ लागले. परहेज पाळला नाही, हेही शिष्य लिहितो. दुखणे कमी व्हायचे, पुन्हा उलटायचे. अशातच अलाउद्दौला हमदानकडे निघाला आणि तेही निघाले. वाटेत पुन्हा कुलंज. हमदानला पोहोचेपर्यंत त्यांना कळून चुकले होते की शरीराला सांभाळणारी जी ताकद आतून कारभार बघत होती ती आता संपली आहे, आणि यापुढे इलाजाचा उपयोग नाही. त्यांनी औषधे बंद केली.

पुढच्या काळातले चरित्रकार इब्ने खल्लिकान लिहितात की शेवटच्या दिवसांत त्यांनी गुस्ल करून तौबा केली, जवळ होते ते गरिबांना वाटले, ज्यांचे हक्क आपल्याकडे राहिले असे आठवले त्यांना ते परत दिले, गुलामांना आझाद केले, आणि दर तीन दिवसांत एक कुरआन खत्म करू लागले. हिजरी 428 च्या रमजानमध्ये, म्हणजे 1037 साली, ते वारले. वय अठ्ठावन्न हिजरी वर्षे. अफू घालणाराही गुलामच होता. आझाद झालेल्यांत तो होता की नाही, हे जूजजानीने लिहिलेले नाही.

त्यांची कबर हमदानमध्येच आहे.